मरोद्याची पांढरी भिंत

काकाजींबद्दल मी आजवर पुष्कळ सांगितलं आहे, पण जे सांगायला हवं होतं ते टाळत आलो. लग्नात, तेरवीला, गणपतीच्या मांडवात, कुठे चार मराठी माणसं जमली की कुणीतरी म्हणतं, त्या रूसीबाबूची गोष्ट सांगा न. मग मी त्यांच्या लिंबाची गोष्ट सांगतो. लोक हसतात. हसणं संपायच्या आत मी पाणी प्यायला उठतो.

इतक्या वर्षांत त्यांच्याबद्दल एक ठरलेलं बोलणं तयार झालं आहे. म्हातारा हुशार होता पण चक्रम होता. जगभरच्या शब्दांची खबर ठेवली, स्वतःच्या शरीराची ठेवली नाही. मुलीला फोनवर खोटंच सांगितलं की तपासणी केली, सगळं ठीक आहे. आणि त्यातच गेला. त्यांच्या मुलीचाही असाच समज आहे. यातली हुशारी खरी, चक्रमपणाही खरा. पुढचं खरं नाही. ते खरं नाही हे माहीत असलेला माणूस आता मी एकटाच उरलो आहे, आणि माझंही काही सांगता येत नाही. म्हणून लिहितो आहे. पण आधी माणूस कळायला हवा.

तर लिंबू. दुर्गजवळच्या मरोद्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चहाची टपरी होती. काकाजी रोज संध्याकाळी तिथे यायचे आणि बिनदुधाचा चहा काचेच्या ग्लासात मागायचे. मग कुर्त्याच्या खिशातून लिंबू काढायचे, दुसऱ्या खिशातून छोटी सुरी, आणि एक चकती कापून ग्लासात सोडायचे. ही रशियन लोकांची सवय. उरलेलं लिंबू रुमालात बांधून परत खिशात जायचं. त्यामुळे त्यांचा उजवा खिसा कायम ओलसर आणि त्यांच्या हाताला कायम लिंबाचा वास. टपरीवाला छत्तीसगढी होता. काकाजी रोमच्या गोष्टी सांगायला लागले की चहा विसरायचे, आणि तो दर पाच मिनिटांनी आठवण करून द्यायचा, "बबा, चहा जुड़ागे." चहा थंड झाला, बाबा. काकाजी म्हणायचे, होऊ दे, रोममध्ये कुठे गरम मिळत होता.

ते रायपूरच्या जुन्या मराठी घरातले. तरुणपणी रशियन शिकले आणि रशियनांच्या मदतीने इथला पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा दुभाषी म्हणून लागले. एका बाजूला रशियन इंजिनियर, दुसऱ्या बाजूला आपले फोरमन, मध्ये हे. साहेब भडकला की त्याचा राग अर्धा गाळून ते फोरमनला सांगत, आणि फोरमनने हासडलेली शिवी पूर्ण गाळून साहेबाला. आपल्यामुळे निदान दोन मारामाऱ्या टळल्या, असा त्यांचा दावा होता. पुढे रशियन कमी झाले, तेव्हा त्यांना मशिनरीची पुस्तकं भाषांतरित करायला बसवलं. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मरोद्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन ते एकटे राहायला आले, आमच्या घरापासून चार घरं सोडून.

त्यांना एकाच शब्दाचं वेड होतं. आयुष्यभर एकच शब्द. तो त्यांना मिळाला प्लांटमध्ये, चुन्याच्या भट्टीवर. त्या रशियनांत एक मोल्दाव्हियाचा होता, रुमानियाला लागून असलेल्या मुलखातला. कोपरापर्यंत चुन्याने माखलेले आपले हात बघून तो स्वतःशीच म्हणाला, "आल्ब." काकाजी चमकले. रशियनमध्ये पांढऱ्याला 'बेली' म्हणतात. हे काय? त्याने सांगितलं, ही माझ्या आईची भाषा. आमच्या घरी पांढऱ्याला आल्ब म्हणतात. काकाजींच्या घरी त्याच आठवड्यात एका रशियन इंजिनियरच्या बायकोने भेट दिलेला, फोटो लावायचा कोरा 'आल्बोम' आला होता. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, आणि तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही.

ते शब्दाची गोष्ट नात्यागोत्यातल्या माणसासारखी सांगायचे. रोममध्ये म्हणे पांढऱ्याला दोन शब्द होते. झगझगीत पांढरा वेगळा, आणि साधा, मंद, भिंतीच्या चुन्यासारखा पांढरा वेगळा. हा साधा म्हणजे 'आल्बुस'. काकाजींचा जीव या साध्यावर. रोमचा न्यायाधीश भर चौकात एक पांढरी केलेली फळी लावायचा आणि तिच्यावर लोकांसाठी सूचना लिहायचा. त्या फळीला नाव पडलं 'आल्बुम'. पुढे जर्मनीतल्या विद्यार्थ्यांनी तो शब्द उचलला आणि मित्रांच्या सह्या घ्यायच्या कोऱ्या वहीला दिला. मग तीत चित्रं आली, फोटो आले, आणि फ्रेंचांकडून रशियनांकडे, इंग्रजांकडून आपल्याकडे, असा तो थेट मरोद्यातल्या लग्नघरात येऊन पडला. लग्नाचा अल्बम पाहायला काकाजींना कुणी बोलवायचं नाही, कारण नवरी-नवरदेवाच्या पहिल्या फोटोवरच गाडी रोमला निघायची.

इंग्रजांकडे गेलेल्या एका भावंडाचं त्यांना फार वाईट वाटायचं. मूळचा अर्थ चुना लावून पांढरं करणं. फ्रान्समधून इंग्लंडला पोचेपर्यंत त्याचा 'डॉब' झाला, म्हणजे चिखल लिंपणं, फासणं. "पाय धुऊन घरून निघाला अन् लोकाच्या अंगणात जाऊन चिखलात बसला," ते म्हणायचे. दुसऱ्या एकाचं तर रूपच पालटलं. पांढुरक्या केसांचा तो 'ऑबर्न', आणि इंग्रजांच्या राज्यात जाऊन तांबूस तपकिरी झाला. काकाजी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवायचे, बोटाला लागलेली प्लांटची तांबूस धूळ मला दाखवायचे आणि म्हणायचे, आपलंबी तसंच झालं, इथे येऊन.

मी तेव्हा खुर्सीपारमधल्या एका छोट्या खासगी लॅबमध्ये होतो. रक्त-लघवी तपासायचं काम. छत्तीसगड वेगळं राज्य झालं त्याच्या आगेमागेचा काळ. मी गोंदियाकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. माझ्या मोठ्या भावाला प्लांटमध्ये नोकरी लागली, त्याच्या मागे मी आलो आणि इथलाच झालो. माझी मुलं घरात आईशी चार शब्द मराठी बोलत, बाकी सगळं हिंदी. मी गावाकडचं काही सांगायला लागलो की म्हणायची, "पापा, वो फिर कभी." चुकीचं नव्हतं त्यांचं. पण दिवसभरात माझं माणूस म्हणून जे काही बोलणं व्हायचं, ते संध्याकाळी त्या टपरीच्या बाकावर, काकाजींच्या शेजारी. तो तास मला जेवणासारखा लागायचा.

एकदा त्यांनी मला विचारलं, तुमच्या गावाकडे पांढऱ्याचं काय आहे? मी म्हटलं, काही नाही, काळी आणि पांढरी. शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. गावाची पांढरी. माणसं राहून राहून, भिंती पडून पडून तिथली माती पांढरट होते, म्हणून. काकाजींनी हातातला ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याइथं पांढरी म्हणजे जिथं माणसं राहून राहिले ते. अन् हे तू मले आता सांगून राहिला? इतके दिवस मी रोम-रोम करून राहिलो, अन् तू गप बसला."

त्या दिवाळीत त्यांनी भिंत केली.

त्यांच्या घराची रस्त्याकडची भिंत होती, विटांची, उघडी. दिवाळीत सगळेच घराला चुना मारतात. काकाजींनी घराला मारलाच नाही. फक्त ती एक भिंत. नीळ टाकली नाही, का तर आल्बुस निळसर नसतो. स्टुलावर उभं राहून तीन हात मारले आणि वाळल्यावर कोळशाने लिहिलं: पाणी उद्या उशिरा येईल. खाली हिंदीत, त्याच्या खाली रशियनमध्ये. रशियन कुणासाठी, विचारलं तर म्हणाले, आला एखादा तर त्याला पाण्यावाचून राहावं लागू नये.

लोक हसले, पण वाचायला लागले. महिनाभरात त्या भिंतीवर गल्लीचं सगळं यायला लागलं. कुणाची बकरी हरवली, कुणाच्या मुलाला अप्रेंटिस लागली, कुठल्या घरी मुलगी झाली. चुकीचं काही लिहिलं गेलं तर काकाजी ते नुसतं पुसायचे नाहीत. त्या जागी चुन्याचा हात मारून खाली लिहायचे: काल लिहिलेलं चूक होतं, माफ करा. एकदा त्यांनी एका बाईचा सासरा वारल्याचं लिहिलं आणि तो दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन भिंतीसमोर उभा राहिला. काकाजींनी त्याच्यादेखत चुना लावला, माफी लिहिली आणि त्याला लिंबाचा चहा पाजला. "भिंतीवर चूक झाली तर भिंतीवरच दुरुस्त कराची," ते मला म्हणाले. "घरात जाऊन कानात सांगितलेली माफी काही कामाची नाही, डॉक्टर."

ते मला डॉक्टर म्हणायचे ते चिडवायला. गल्लीत मी खरंच अर्धा डॉक्टर होतो. लोक सकाळी माझ्या सायकलच्या पिशवीत लघवीची बाटली ठेवून जायचे, औषधाची धुतलेली बाटली, वर नावाची चिठ्ठी. मी दिवसभरात जमेल तशी तपासायचो आणि संध्याकाळी टपरीवर निकाल तोंडी सांगायचो. पैसे नाहीत, कागद नाही. ठीक आहे, किंवा डॉक्टरकडे जाऊन या. एवढंच. त्यावर त्यांचा भरवसा होता, आणि मला त्या भरवशाचा अभिमान होता.

काकाजींना यातल्या एका गोष्टीत रस होता. लघवीत अल्ब्युमिन जातं का, म्हणजे मूत्रपिंडातून प्रथिन गळतं का, ते मी बघतो, हे कळल्यावर ते मागेच लागले. हा शब्द तर त्यांच्या आल्बुसच्याच घरचा. मला दाखव, कसा दिसतो. मी म्हटलं, कुणाचं आजारपण दाखवायची वस्तू आहे का. शेवटी एका दुपारी लॅबमध्ये कुणी नसताना मी त्यांना अंड्यावर दाखवलं. ते अंडं खात नसत, पण स्टूल ओढून अगदी जवळ बसले. अंड्याचा बलक काढून उरलेला भाग मी पाण्यात कालवला, गाळला आणि टेस्ट ट्यूबमध्ये भरला.

"पारदर्शक आहे की हे," ते म्हणाले. "मग नाव पांढऱ्याचं कावून?"

मी ट्यूब तिरपी धरून स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग तापवला. खाली पाण्यासारखं स्वच्छ, आणि वर हळूहळू धुकं धरलं, मग दूध, मग दही. काकाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुढे मी त्यांना सांगितलं की नुसतं पांढरं आलं म्हणून घाबरायचं नसतं. कधी कधी तो फॉस्फेट असतो. ॲसिटिक ॲसिडचे दोन-चार थेंब टाकायचे. फॉस्फेट असेल तर विरघळून जातो. राहिला, तर तो अल्ब्युमिन. मी थेंब टाकले. ते पांढरं तसंच राहिलं. "जात नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू दूरच्या गावाहून कुणी ओळखीचं आलं आहे.

मुलगी दर रविवारी टपरीशेजारच्या एसटीडीवर फोन करायची. तिला वडिलांनी पुण्याला यावं असं वाटत होतं, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. काकाजी दर वेळी काही कारण सांगत. त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांखाली सकाळी सूज दिसायला लागली. मुलगी चार दिवस येऊन गेली तेव्हा तिने ती पाहिली. जायच्या दिवशी तिने माझ्यासमोर त्यांच्याकडून शब्द घेतला. "बाबा, तपासणी करायची. काही निघालं तर एक शब्द न बोलता माझ्याकडे यायचं. नाही निघालं तर मी पुन्हा म्हणणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुमच्यावर सोपवून जाते." काकाजी म्हणाले, कबूल. ते शब्द पाळणारे होते.

दोन दिवसांनी सकाळी ते बाटली घेऊन स्वतः सायकलवर खुर्सीपारला आले. पिशवीत ठेवली नाही. माझ्या पाठीमागे स्टुलावर बसले.

मी ट्यूब भरली. तापवली. जास्त तापवावी लागली नाही. वरचा भाग ढगासारखा पांढरा झाला. मी थेंब टाकले. दोन, चार, आणखी दोन. मी ट्यूब हलवली. ती मी माझ्या छातीशी धरली होती, माझी पाठ त्यांच्याकडे होती, आणि असं मी कधी उभा राहत नसे. खिडकीतून उजेड येत होता. त्या उजेडात ते पांढरं दाट होत गेलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी नीट आठवून लिहितो आहे, कारण तेच एक माझ्याजवळ आहे. मूत्रपिंडाचा विचार मनात आला नाही. संध्याकाळचा बाक आला. त्या बाकावर मी एकटा बसलेला.

"दिसलं काही पांढरं?" त्यांनी मागून विचारलं.

"दिसलं थोडं. फॉस्फेट आहे."

"थेंब टाकले?"

"टाकले. गेलं."

"गेलं न?"

"गेलं, काकाजी."

मी ट्यूब नळाखाली धरली. ते नळाकडे बघत होते. मग उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चला मग," म्हणाले, "मरोदा सुटत नाही आपला." त्या रविवारी मी शेजारी उभा असताना त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं, तपासलं, काही नाही निघालं. तिकडून तिचं हसणं मला ऐकू आलं.

मी स्वतःला सांगितलं होतं की महिन्याभरात पुन्हा तपासेन. तोवर मीठ कमी करायला लावेन. लोणचं बंद करा म्हटलं, त्यांनी केलं. पण पुन्हा बाटली मागायची तर कशासाठी मागायची? एकदा मी म्हणालो, परत एकदा बघू का. ते म्हणाले, "कावून? गेलं न ते?" मी म्हटलं, हो. पुन्हा विचारलं नाही. त्या हिवाळ्यातल्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर आहेत. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण खरं आहे ते. रोज बाक, रोज लिंबू, आणि मी त्यांच्या पायाकडे बघायचं टाळत होतो. त्यांना चपला घट्ट व्हायला लागल्या होत्या. स्टुलावर उभं राहून भिंत रंगवतो म्हणून पाय सुजतात, असं ते म्हणायचे, आणि मी मान हलवायचो.

उन्हाळ्यात ते भिंतीसमोर बसले ते उठले नाहीत. रायपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. मुलगी पुण्याहून आली. तिथल्या डॉक्टरने कागद पाहिले आणि हिंदीत विचारलं, बाबूजी, याआधी कधी पेशाबची तपासणी केली नाही का? वेळेवर कळलं असतं तर बरंच लांबवता आलं असतं. मी पलंगाच्या पायथ्याशी थर्मास धरून उभा होतो. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरकडे पाहत म्हणाले, "नहीं साहब. आलस किया."

मुलगी रडायला लागली. "बाबा, तुम्ही मला फोनवर सांगितलं होतं, तपासलं म्हणून." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं ती विचारत होती की मला तरी माहीत होतं का. मी थर्मासचं झाकण घट्ट करत राहिलो.

त्यांना कळलं होतं का? अंडं त्यांनी पाहिलं होतं. माझी पाठ त्यांनी पाहिली होती. कदाचित त्यांनाही जायचं नव्हतं, आणि माझ्या खोटेपणात त्यांनी आपली सोय पाहिली. असं मानलं तर माझं ओझं निम्मं होतं. म्हणूनच मी ते मानत नाही. त्यांनी विचारलं होतं, मी उत्तर दिलं होतं, आणि माझ्या उत्तरावर त्यांचा भरवसा होता. बाकी सगळं मी नंतर रचलेलं असू शकतं.

शेवटचा गेलो तो पहाटेच्या लोकलने. वाक्य तयार करून गेलो होतो. दुर्गहून आलेल्या गाडीत बसलो आणि रायपूरपर्यंत तेच म्हणत होतो. वॉर्डात मुलगी खुर्चीत झोपली होती. काकाजी जागे होते. चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजलेला, आवाज तोच.

"फटफटलं का बाहेर?" त्यांनी विचारलं.

मी पडदा सारला. फटफटलं होतं.

ते हळूहळू बोलायला लागले. मोल्दाव्हियावाल्याबद्दल. रुमानिया आणि त्याचा तो मुलूख सगळ्यांत लांब, चहूकडून परक्या भाषा, आणि तरी रोजच्या पांढऱ्याला रोमचा शब्द त्यांनीच टिकवला. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, ही रोमच्या जवळची माणसं; त्यांनी रोजच्या कामासाठी जर्मनांकडचा दुसरा पांढरा आणला. "पण एका जागी त्यांनीबी घरचाच ठेवला," ते म्हणाले. "पहाटेला. फ्रान्समध्ये ओब, इटलीत आल्बा. रोजच्या वापरातून गेला, तरी सकाळ झाली की येतेच तो." त्यांना दम लागला. "आपल्यासारखंच आहे न, डॉक्टर. तू अन् मी. मरोद्याचे रुमानियन."

मी म्हटलं, "काकाजी, ते तपासलं होतं न आपण..."

त्यांनी डोळे मिटले होते. ऐकलं की नाही, माहीत नाही. हात पुढे केला. मी खिशातलं लिंबू त्यांच्या हातात दिलं. पाणी मोजून मिळत होतं, लिंबू तर बंदच होतं. त्यांनी ते नाकाशी धरलं आणि तसेच झोपले. मुलगी जागी झाली. मी उठलो. उद्या येतो म्हणालो. उद्या यायची गरज राहिली नाही.

मुलगी दिवाळीला फोन करायची. अजून करते, आता दूरच्या देशातून. दोन-तीनदा तरी म्हणाली, "काका, मला एकच लागून राहिलं आहे. बाबा माझ्याशी खोटं बोलले." मी म्हणालो, जाऊ दे, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांच्या मनात. इतकं सोपं होतं ते वाक्य, की मी ते दर वेळी वापरलं.

घरमालकाने बरीच वर्षं ती भिंत तशीच राहू दिली. दर दिवाळीला मी चुना कालवायचो, नीळ टाकायचो नाही, आणि तीन हात मारायचो. कोळसा खिशात असायचा. भिंतीवरची दुरुस्ती भिंतीवरच करायची, हे त्यांचंच सांगणं. गल्लीभर त्यांची जी गोष्ट चालत होती ती दुरुस्त करायची जागा तीच होती. टपरीवाला विचारायचा, "अब का लिखबे, भैया?" मी म्हणायचो, सूखने दो. भिंत वाळायची, पांढरी व्हायची, तशीच राहायची. मग वर्षभर तिच्यावर प्लांटची धूळ बसायची, आणि पुन्हा दिवाळी यायची.

आता ती भिंत नाही. तिथे तीन मजले आहेत, खाली मोबाइलचं दुकान आहे. टपरीही गेली. हे छापून आलं तर कदाचित त्यांच्या मुलीला कुणी वाचून दाखवील, म्हणून आधी तिच्यासाठी लिहितो: तुझे बाबा तुझ्याशी खोटं बोलले नव्हते. मी त्यांना जे सांगितलं, तेच त्यांनी तुला सांगितलं.

आणि त्यांच्यासाठी जे लिहायचं होतं ते लहानच होतं. कोळशाच्या एका तुकड्यात झालं असतं, त्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असं:

काकाजी, ते गेलं नव्हतं. मले तुमाले जाऊ द्याचं नव्हतं. माफ करा.